दत्तोपंतांचं कॅनडाला जाणं

दत्तोपंत चिटणीसांच्या गॅलरीतला कढीलिंब पाण्याअभावी मेला नाही, तो जास्त पाण्याने मेला. हे आधीच स्पष्ट करायला हवं, कारण बडोद्याच्या कारेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीत याबद्दल पुष्कळ गैरसमज पसरले आणि त्यातले बरेचसे खालच्या मजल्यावरच्या सुनंदाबाईंनी पसरवले. सुनंदाबाईंची आमटी त्या कढीलिंबावर चालत असे, त्यामुळे त्यांना बोलायचा अधिकार होता. रेल्वेतून निवृत्त झालेल्या विधुराचा वेळ जात नाही, मग तो झाडाला छळतो, असं त्यांचं निदान होतं.

निदान चुकीचं होतं. दत्तोपंतांच्या गॅलरीसमोर, मधे एक गल्ली सोडून, फरसाणाच्या दुकानावर इंग्रजीचा क्लास होता. परदेशी निघालेली मुलं तिथे परीक्षेची तयारी करत. क्लासच्या खिडकीवर टोप्या हवेत उडवणाऱ्या पदवीधरांचं भलंमोठं चित्र चिकटवलेलं होतं, त्यामुळे आतलं काही दिसत नसे. पण खिडकीची एक काच सरकवलेली असे आणि दुपारी तिथून एका बाईंचा आवाज येई. आवाज शांत होता, स्वच्छ होता, आणि एकेका शब्दाला हात धरून रस्ता ओलांडून द्यावा तसा उच्चारत होता. तो ऐकायला गॅलरीत उभं राहायचं तर काहीतरी निमित्त हवं. दत्तोपंतांकडे एकच कुंडी होती. भर दुपारी झाडाला पाणी घालू नये हे त्यांना माहीत होतं. झाडाला तर होतंच.

कढीलिंब गेल्यावर निमित्त संपलं. मेलेल्या काडीला आठवडाभर पाणी घातल्यावर सुनंदाबाई खालून ओरडल्या, "दत्तोपंत, आता त्याला दिवा लावा, पाणी पुरे!" त्याच संध्याकाळी दत्तोपंत इस्त्रीचा शर्ट घालून क्लासमध्ये नाव नोंदवायला गेले.

क्लासचा मालक समरजित हा केसांना जेल लावणारा तरुण होता. त्याने संगणकावरून मान न काढता विचारलं, "कंट्री?"

"कंट्री नाही. मला फक्त उच्चार सुधारायचे आहेत."

"काका, कंट्रीशिवाय सिस्टीम पुढे नाही जात ने."

"मग इंडिया घाला."

"इंडिया सिस्टीममध्ये येतच नाही."

यावर पुष्कळ बोलण्यासारखं होतं. ज्या देशात यंत्र बसलंय तोच देश यंत्राला माहीत नसावा, यावर दत्तोपंतांनी एके काळी वरिष्ठांच्या सहीने कडक पत्र धाडलं असतं. पण मागे रांग होती आणि रांगेतली सगळी मुलं एकच नाव घेत होती. दत्तोपंत म्हणाले, "बरं, कॅनडा लिहा." दुपारची बॅच भरलेली होती. त्यांना संध्याकाळची मिळाली.

आवाजाच्या मालकीणबाईंचं नाव निरुपमाबाई फणसे. सुती साडी, गळ्यात चष्म्याची साखळी, हातात लाकडी डस्टर. दत्तोपंत पहिल्या बाकावर बसले, कारण मागच्या बाकावर बसणं त्यांना शाळेतही जमलं नव्हतं.

दत्तोपंतांना स्वतःच्या इंग्रजीचा अभिमान होता. उभी हयात प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत इंग्रजी पत्रं लिहिण्यात गेलेली. त्यांच्या मसुद्यावर कुणा साहेबाने लाल रेघ ओढल्याचं उदाहरण नव्हतं. मात्र लिहिलेलं इंग्रजी राजधानीसारखं धावे, तर बोललेलं मालगाडीसारखं. प्रत्येक डबा सारख्याच वजनाचा आणि गाडी मधे कुठेही थांबेल अशी. निरुपमाबाईंनी फळ्यावर 'ओल्ड-फॅशन्ड' लिहून त्यांना वाचायला सांगितलं.

"ओल्ड, फॅ, शन, एड," दत्तोपंत म्हणाले.

"चिटणीस, तीन तुकड्यांचा शब्द आहे, तुम्ही चार केलेत. भेंडी चिरताय का?"

वर्ग हसला. शेजारी बसलेली, डभोईहून बसने येणारी नर्सिंगची मुलगीसुद्धा हसली.

"आणि चारही तुकडे सारखे. जोर कुठे आहे?"

"जोर सगळीकडेच आहे, मॅडम."

"सगळीकडे म्हणजे कुठेच नाही." त्यांनी टेबलावर डस्टर आपटला. "ओल्ड-*फॅ*शन्ड. ऐकलंत? फॅ वर. बाकीचे त्याला टेकून उभे."

एरवी असा अपमान दत्तोपंतांनी महिनाभर उराशी बाळगला असता. त्या दिवशी मात्र ते घरी येऊन आरशासमोर हसले, आणि मग आपण हसतोय हे लक्षात येऊन गंभीर झाले.

सराव हवा होता. घरात डस्टर नव्हता. स्टीलची वाटी पालथी घालून चमच्याने तिच्यावर शब्दांचा भार वाजवायला त्यांनी सुरुवात केली. काइंड-*हार्*टेड, टण्. शॉर्ट-*साय*टेड, टण्. तिसऱ्या दिवशी सुनंदाबाई वर आल्या.

"दत्तोपंत, काय कुटताय? शेंगदाणे असतील तर थोडं कूट मलाही द्या. कढीलिंबाचं तर तुम्ही वाटोळंच केलंत."

"कुटत नाही. अभ्यास करतोय."

"कसला?"

"इंग्रजी उच्चारांचा. समोर क्लास लावलाय."

बडोद्यात त्या प्रकारच्या क्लासला जाण्याचा अर्थ एकच होतो. कुणी क्लास लावला की घरचे बॅगांचे भाव काढतात. सुनंदाबाई काही न बोलता खाली गेल्या, हेच दत्तोपंतांना खटकायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेताना सोसायटीचे सेक्रेटरी किरीटभाई आडवे आले.

"अरे दत्तुभाई! केनेडा जाओ छो ने अमने कहेता पण नथी?"

नाही म्हणायला क्षण पुरला असता. पण 'नाही'च्या पाठोपाठ 'मग क्लास कशाला?' येतं. या प्रश्नाचं उत्तर दत्तोपंतांनी अजून स्वतःलाही दिलं नव्हतं, ते दुधाच्या पिशव्यांसमोर किरीटभाईंना कसं देणार? ते म्हणाले, "बघू."

बडोद्यात 'बघू' म्हणजे तिकीट काढलं.

या वयात, एकटा माणूस, तिकडे नात्याचं कुणी नाही, मग का जातोय? सोसायटीने हा प्रश्न दत्तोपंतांना तसदी न देता परस्पर सोडवला. कॅनडात मालगाड्या फार आणि रेल्वेत मुरलेली माणसं कमी, म्हणून तिथल्या सरकारने आपली निवृत्त माणसं मागवली आहेत, असा सुनंदाबाईंचा शोध होता. तो इतका तपशीलवार होता, की दत्तोपंतांना स्वतःलाच आपल्या अनुभवाचं क्षणभर मोल वाटलं.

मग सल्ले सुरू झाले. थंडीची सवय व्हावी म्हणून रोज एसीसमोर उघड्या अंगाने बसा. विमानात खिशात कांदा ठेवा. तिकडे कुणाच्या वयाची चौकशी करू नका, आणि तुमची केली तर कमी सांगा. सल्ल्यांच्या मागोमाग पार्सलं आली. परदेशी निघालेल्या माणसाकडे पार्सल देणं ही आपल्याकडची रीतच आहे. देणारा लाजत नाही आणि घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. किरीटभाईंनी तिकडच्या बहिणीसाठी लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा, आणला. सुनंदाबाईंनी भाच्यासाठी मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि कुकरची रबरी रिंग दिली. ("तिकडे मिळते हो, पण बसत नाही.") कुणी भाकरवडी आणली, कुणी बांधणीची साडी, आणि दुसऱ्या विंगमधल्या एका गृहस्थांनी दगडी खलबत्ता आणून ठेवला.

"हा विमानात नेऊ देतील का?" दत्तोपंतांनी विचारलं.

"मांडीवर ठेवा," ते गृहस्थ म्हणाले.

एका रविवारी, कुणी न बोलावता, जागांचा दलाल आला. मागे एक जोडपं होतं. त्यांनी स्वयंपाकघरातले नळ सोडून पाहिले, न्हाणीघराच्या फरशीवर पाय आपटला, आणि दत्तोपंत हातात वाटी-चमचा घेऊन उभे असताना बाई म्हणाल्या, "काका जातील तेव्हा हा मेलेल्या झाडाचा कुंडा तेवढा घेऊन जातील ना?"

संध्याकाळी शहरातल्याच समा भागातून मुलगा उत्कर्ष आणि सून शर्वरी आली. उत्कर्ष सोफ्यावर बसला, म्हणजे चेवड्याच्या पिशव्यांच्या मधे जी जागा होती तिथे बसला.

"बाबा, माझे बाबा देश सोडून चाललेत हे मला कारेलीबागच्या ग्रुपवरून कळतं?"

"अरे, तसं काही नाही."

"तसं नाही तर हा खलबत्ता कुणाचा?"

शर्वरी समजूतदार होती. "बाबा, गरम कपडे कुठे चांगले मिळतात ते मी बघून ठेवलंय," ती म्हणाली. "पण आमचं काही चुकलं का?"

दत्तोपंतांना फार वाईट वाटलं. खरं सांगावं असं अगदी ओठावर आलं. पण खरं काय होतं? बासष्टी ओलांडलेला माणूस एका आवाजासाठी इंग्रजी विशेषणं पाठ करतोय, हे मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचं? "बघू," ते म्हणाले.

"परत बघू!" उत्कर्ष म्हणाला आणि न विचारता एक भाकरवडी फोडून खाल्ली.

या सगळ्या गदारोळात क्लास तेवढा शांत होता. संध्याकाळच्या त्या तासाकरता दत्तोपंत दिवस ढकलत. फळ्यावर बाई शब्द लिहीत, त्याचे तुकडे पाडत आणि भार येई तिथे डस्टर वाजवत. एकदा त्यांनी 'होमसिक' लिहिला.

"यात भार पहिल्यावर. *होम*सिक. काइंड-हार्टेडसारखा दुसऱ्यावर नाही."

"का, मॅडम?" डभोईच्या मुलीने विचारलं.

निरुपमाबाईंनी 'होम'खाली रेघ ओढली. "नियम सांगायचा तर, आधी नाम आलं की भार बहुधा त्याच्यावर. मी लक्षात ठेवते ते वेगळं. आजार सगळ्यांचा सारखाच असतो. घर ज्याचं त्याचं निराळं. म्हणून भार घरावर."

डभोईची मुलगी अजून कुठे गेलीही नव्हती, तरी तिने डोळे पुसले. दत्तोपंतांनी चष्मा पुसला.

आणखी काही दिवसांनी बाईंनी एकाखाली एक दोन वाक्यं लिहिली. 'ही इज ओल्ड-फॅशन्ड' आणि 'ही इज अॅन ओल्ड-फॅशन्ड मॅन'. शब्द तोच, पण पहिल्या वाक्यात डस्टर 'फॅ'वर वाजला आणि दुसऱ्यात 'ओल्ड'वर.

"मघाशी तर शेवटी होता," दत्तोपंत म्हणाले.

"हो. कारण पुढे कुणी नव्हतं. पुढे 'मॅन' येणार म्हटल्यावर शब्द आधीच सावरून बसतो, भार अलीकडे घेतो, येणाऱ्याला जागा करून देतो. पुढे कुणीच यायचं नसलं, की सगळा भार शेवटी." बाईंनी फळा पुसायला घेतला. "इतकं सोपं आहे, चिटणीस."

दत्तोपंत जिना उतरले आणि फरसाणाच्या दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदाराने न मागता सेव-खमणीची डिश हातात दिली आणि म्हणाला, "केनेडामां आ नहीं मळे, काका." दत्तोपंतांनी ती खाल्ली. तिखट असल्यामुळे डोळ्यांत पाणी यायला कारण मिळालं.

इकडे किरीटभाईंनी निरोप समारंभ ठरवून टाकला. सोसायटीच्या बागेत माइक, हार, श्रीफळ, खमण. आता दत्तोपंतांना घाई करणं भाग होतं. आपण कुठेही जाणार नाही, आपल्याला इथेच, याच गल्लीत, बाईंच्या समोर राहायचंय, हे समारंभाआधी बाईंना सांगायला हवं होतं. त्यापुढे काय होईल ते होवो. त्यांनी वाक्य तयार केलं. इंग्रजीत केलं, कारण मराठीत असलं वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं आणि पत्नी असतानाही त्याची गरज पडली नव्हती. 'आय अॅम अॅन ओल्ड-फॅशन्ड मॅन, मॅडम, बट आय वुड लाइक टू स्टे निअर यू.' वाटीला त्या दिवशी पोचे पडले.

संध्याकाळी मुलं खाली उतरली. निरुपमाबाई फळा पुसत होत्या. दत्तोपंत उभे राहिले.

"आय अॅम अॅन *ओल्ड*-फॅशन्ड मॅन, मॅडम," ते म्हणाले.

बाई गर्रकन वळल्या. चेहरा उजळलेला. "वा, चिटणीस! ओल्डवर! अगदी जिथे हवा तिथे! बसा, बसा. मला पण तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

वाक्याचा उरलेला भाग घशात घेऊन दत्तोपंत बसले.

"मीही निघालेय," बाई म्हणाल्या. "कॅनडाला. माझी मैथिली किती वर्षं बोलावतेय, आणि मी म्हणते बघू. या वयात घर सोडायचं, बडोदे सोडायचं, माझा धीरच होईना. मग तुम्हाला पाहिलं. तिकडे ज्याचं कुणी नाही, तो माणूस वाटी वाजवून अभ्यास करतो आणि निघतो! सुनंदाबाईंनी सांगितलं मला वाटीचं. मग मला तर मुलगी आहे. मागच्या आठवड्यात तिकीट काढलं. तुमच्यामुळे, हं, खरंच."

पंखा फिरत होता. दत्तोपंतांनी दोन्ही हात बाकावर ठेवले.

"मी जात नाहीये, मॅडम."

"अगंबाई. व्हिसा नाकारला?"

"मागितलाच नव्हता. सिस्टीममध्ये इंडिया येत नाही, म्हणून कॅनडा लिहिलं."

निरुपमाबाईंच्या हातात डस्टर तसाच राहिला. "मग क्लास कशासाठी लावलात?"

हाच तो प्रश्न. किरीटभाईंपासून, उत्कर्षपासून, स्वतःपासून चुकवलेला. आणि आता उत्तर दिलं तर काय होणार होतं? बाई कदाचित तिकीट रद्द करणार होत्या, कदाचित नव्हत्या. मधे ती मैथिली होती. किती वर्षं 'बघू' ऐकत आलेली. 'बघू' ऐकणाऱ्याचं तोंड कसं होतं, ते दत्तोपंतांनी सोफ्यावर चेवड्याच्या पिशव्यांत बसलेलं पाहिलं होतं.

"उच्चार सुधारायला," ते म्हणाले.

बाईंनी डस्टर टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "उच्चार चांगले झालेत तुमचे," आणि पंखा बंद केला.

जिन्यात दत्तोपंतांना वाटलं, अजून एक वाक्य बोलता येईल. ते बोललेही. "मॅडम, एक विनंती आहे. थोडा लीलो चेवडो न्याल का?"

किरीटभाईंना खरं कळलं तेव्हा ते दुसऱ्याच काळजीत पडले. "पण खमण नो ऑर्डर थई गयो, दत्तुभाई!" अखेर ठरलेला समारंभ ठरलेल्या दिवशी झाला, फक्त हार निरुपमाबाईंच्या गळ्यात पडला. कॅनडाच्या रेल्वेने ऐन वेळी भरती थांबवली, असं सुनंदाबाईंनी सगळ्यांना सांगितलं. स्वतःचा शोध त्यांना मोडवेना. चेवडा, मेतकूट, साडी आणि कुकरची रिंग बाईंच्या बॅगेत गेली. लोणचं तेलामुळे राहिलं. खलबत्ता त्या गृहस्थांनी परत न्यायला नकार दिला. "पुढच्या वेळी न्या," ते म्हणाले. उत्कर्ष आणि शर्वरी पहिल्या रांगेत बसून मनापासून खमण खात होते. वडील आपले राहिले, या आनंदात उत्कर्षने कारण विचारलं नाही. शर्वरीने विचारलं नाही, कारण ती एकदा सासऱ्यांकडे आणि एकदा निरुपमाबाईंकडे बघत होती.

आभाराचं भाषण विद्यार्थ्यांतर्फे दत्तोपंतांनी करायचं होतं. त्यांनी ते इंग्रजीत केलं. किरीटभाईंच्या माइकने मधेच शिट्टी मारली, तरी डबे आता सारख्या वजनाचे नव्हते. निरुपमाबाई मांडीवर नारळ घेऊन बसल्या होत्या. डोळे मिटलेले. पण उजव्या हाताचं एक बोट नारळावर होतं, आणि जिथे जिथे भार येई तिथे ते हलकेच आपटत होतं. काइंड-*हार्*टेड. वेल-बि*हेव्ड*. 'अ *काइंड*-हार्टेड टीचर' म्हणताना मात्र दत्तोपंत क्षणभर थांबले, आणि बोट त्यांच्या आधी पडलं.

दोन दिवसांनी टॅक्सी आली आणि बाई गेल्या. दत्तोपंतांनी खलबत्ता दारामागे ठेवला.

मग समरजित आला. नव्या मॅडम मिळेपर्यंत दुपारची बॅच काकांनी सांभाळावी, असं निरुपमाबाई सांगून गेल्या होत्या. दत्तोपंत म्हणाले, "बघू." समरजित बडोद्याचाच होता, त्याने दुसऱ्या दिवशीचा तास लावून टाकला.

दुपारच्या उन्हात दत्तोपंत पहिल्यांदाच त्या वर्गात शिरले. डस्टर टेबलावर होता. त्यांनी फळ्यावर 'ही इज शॉर्ट-सायटेड' लिहिलं आणि मुलांकडे वळले, म्हणजे बाई उभ्या राहत तसे, खिडकीकडे तोंड करून.

टोप्या उडवणारे ते पदवीधर फक्त बाहेरून दिसत. आतून, उजेडात, काचेवर नुसती मच्छरदाणीसारखी करडी जाळी दिसत होती आणि जाळीपलीकडे दत्तोपंतांची गॅलरी होती. सगळी. कुंडी, तिच्यातली काळी काडी, तोटी वाकलेली झारी. तारेवर वाळत घातलेला त्यांचा बनियन, ज्याच्यासारखाच घालून ते सबंध उन्हाळाभर रोज दुपारी, कुणाला दिसत नाही अशा समजुतीने, इथेच तोंड करून उभे असत. इतकं जवळ होतं ते, की झारीत पाणी आहे की नाही तेही कळावं.

बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा हातातला डस्टर तसाच का राहिला होता, ते दत्तोपंतांना आता कळलं. त्या उत्तर ऐकायला थांबल्या होत्या.

डभोईच्या मुलीने आता दुपारची बस धरली होती. ती पहिल्या बाकावरून म्हणाली, "सर? भार कुठे?"

दत्तोपंतांनी डस्टर उचलला.

"पुढे कुणी आहे का?"

मुलीने फळ्यावरचं वाक्य शेवटपर्यंत वाचून पाहिलं. "नाही, सर. कुणीच नाही."

"मग शेवटी," दत्तोपंत म्हणाले, आणि डस्टर वाजवला. "म्हणा."

वर्गाने म्हटलं. सरकवलेल्या काचेतून आवाज गल्ली ओलांडून समोरच्या रिकाम्या गॅलरीत गेला.